वाटेतलं बेट आणि त्यावरची बत्ती

मामाच्या घरी दीपगृह हा शब्द मी कधी ऐकलाच नाही. सगळे बत्ती म्हणायचे. "बत्ती लागली, आता आत या" ही आजीची संध्याकाळची हाक, आणि ही बत्ती म्हणजे घरातला दिवा नाही हे आम्हा मुंबईच्या भाचरांना पहिल्या दोन-तीन सुट्ट्यांत कळलंच नव्हतं. आम्ही आपले घराकडे बघायचो, घरात तर अजून अंधारच असायचा, आणि आजी बघत असायची समुद्राकडे.

मामाचं गाव अलिबाग तालुक्यात, नवगावच्या जवळ. उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरं खळ्यात झोपायचो, ओळीने, एकाच लांबलचक गोधडीत ओढाओढ करत, आणि दोन माडांच्या मधल्या फटीतून दूर पाण्यावरून तो झोत यायचा नि जायचा. खांदेरीची बत्ती. मामेभाऊ आणि मी मोजायचो, एक झोत गेला की दुसरा येईपर्यंत किती. आमचं उत्तर एकदाही जुळलं नाही कारण तो आकडे चघळत चघळत म्हणायचा आणि मी आगगाडीसारखे, आणि मग त्यावरून भांडण, मग मामीचा आतून आवाज, मग झोप. घड्याळ लावून मोजावं हे दोघांनाही सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण मग भांडायला काय उरलं असतं.

तर ही बत्ती मी जवळपास चाळीस वर्षं लांबून बघितली आणि तिथे जायचं मात्र राहूनच गेलं. लांब आहे म्हणावं तर थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोरच दिसतं बेट, पाचेक किलोमीटर असेल फार तर. अलीकडे उंदेरी, पलीकडे खांदेरी. मुंबईही तिथून काही लांब नाही, वीसेक किलोमीटर, रात्री उत्तरेकडचं आभाळ मुंबईच्या उजेडाने पिवळट दिसतं. म्हणजे नकाशावर बघितलं तर हे काय दुर्गम बेट वगैरे वाटणारच नाही कोणाला. पण जूनमध्ये एकदा समुद्र फिरला की तेच पाच किलोमीटर पन्नास होतात. होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी पाण्यात उतरायचं नाव घेत नाही. बत्तीवरची माणसं मात्र तिथेच असायची. समोर मुंबईचा उजेड दिसतोय आणि आपल्याला पाव किलो भाजी आणायला किनाऱ्यावर जाता येत नाही, हे कसं वाटत असेल याचा विचार मी लहानपणी कधी केला नाही, आता गेले तेव्हा तिथल्या धक्क्यावर उभी राहून केला.

गेले ती गेल्या वर्षी, जानेवारीत. मामेभावाने थळच्या एका नाखव्याशी बोलून ठेवलं होतं. मी आदल्या रात्री विचारलं किती वाजता निघायचं, तर तो म्हणाला तिथी बघावी लागेल. आता मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधतेय तोवर त्याने तोंडी हिशोब केला, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणके तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा. मी मोबाइलवर ताडून बघितलं, थोडाफार फरक होता, पण होडी काही पाच मिनिटांच्या फरकाने अडत नाही. हा हिशोब आजोबांनाही यायचा. माझ्यापर्यंत काही आला नाही, माझ्यापर्यंत लोकल ट्रेनचं टाइमटेबल आलं.

होडीत बसल्यावर नाखव्याने विचारलं, "ताई, बेटाव काय बगाया चालल्यान?" मी म्हटलं बत्ती. तो हसला. म्हणाला सगळे किल्ला बघायला येतात, नाहीतर वेताळाला. बत्ती बघायला बेटावर कशाला जायचं, ती तर घरातून दिसते. त्याचं काही चुकलं नव्हतं.

खांदेरी म्हणजे दोन टेकाडं आणि मधे खोलगट भाग, उंटाच्या पाठीसारखं. मधल्या खोलगटात धक्का आहे, तिथे होडी लागते, आणि दक्षिणेकडच्या मोठ्या टेकाडावर बत्तीचा मनोरा. भोवती तटबंदी, तटावर तोफा, काही तोफा तर अजून त्यांच्या चाकांच्या लोखंडी गाड्यांवर आहेत, जे आपल्याकडे फार कमी किल्ल्यांवर बघायला मिळतं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग अशा मातब्बरांच्या पंगतीत हे एवढंसं बेट बसलंय हे ऐकून मामेभाऊ म्हणाला, "बरं झालं, निदान आता मुंबईतल्या लोकांना कुठे आहे ते सांगावं लागणार नाही." त्याचा रोख माझ्याकडे होता.

इंग्रज या दोन बेटांना हेनरी आणि केनरी म्हणायचे. उंदेरीचं हेनरी, खांदेरीचं केनरी. मला हे वाचून खूप हसू आलं होतं, म्हणजे कुठल्यातरी गावातले दोन खोडकर साहेबबंधू वाटतात, एक मोठा एक धाकटा. पण इंग्रजांना या दोघांनी जो काही ताप दिला तो बघता नाव शोभतंही.

खरी गोष्ट अशी की या बेटाचं सगळं महत्त्व ते वाटेत आहे यात आहे. पिकत काही नाही, खाण नाही, जेमतेम जागा. पण दक्षिणेकडून मुंबईच्या बंदरात शिरायचं तर ते आडवं येतं. तुम्ही त्यावर बसलात तर आत जाणारं आणि बाहेर येणारं प्रत्येक गलबत तुम्हाला दिसतं, आणि मनात आणलं तर अडवताही येतं. मुंबई १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे आली आणि अकरा वर्षांत शिवाजी महाराजांनी खांदेरीवर माणसं उतरवली. १६७९चा ऑगस्ट, पावसाळा पुरता सरलेलाही नाही. महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी थोडी माणसं आणि सामान घेऊन बेटावर गेला आणि दगड रचायला लागला. मुंबईचे इंग्रज हादरलेच, हे बेट आमचं आहे, निघून जा म्हणून त्यांनी निरोप धाडले, आणि मग जहाजं धाडली.

पुढचे चार-पाच महिने जे चाललं ते मला फार आवडतं कारण त्यात मोठी लढाई कमी आणि चिवटपणा जास्त आहे. सप्टेंबरात फ्रान्सिस थॉर्प नावाचा एक इंग्रज लेफ्टनंट जबरदस्तीने बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांचं आरमार चालून गेलं, त्यात इंग्रजांचं एक जहाज पकडलं गेलं, त्याचं नाव डव्ह, म्हणजे कबुतर, आणि कबुतरासारखंच सापडलं बिचारं. पण त्यांचं रिव्हेंज हे मोठं जहाज मात्र टिकलं, कॅप्टन केग्विन त्यावर होता, आणि त्या दिवशी समोरासमोर मारामारीत त्यानेच मराठ्यांना मागे रेटलं हेही खरं. आपण हे सांगताना गाळतो. गाळू नये, कारण गंमत पुढे आहे. समोरासमोर जिंकूनही इंग्रजांना बेट घेता येईना. का, तर रात्री. उथळ बुडाचे लहान मचवे अंधार पडला की किनाऱ्यावरून निघायचे, इंग्रजांच्या मोठ्या जहाजांच्या मधून निसटायचे, बेटावर धान्य, दारूगोळा, माणसं पोचवायचे आणि उजाडायच्या आत परत. मोठी जहाजं त्या खडकाळ उथळ पाण्यात रात्री काय पाठलाग करणार, त्यांचं बूड फुटायचं. जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. त्याच सुमाराला जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, म्हणजे नंतर दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली, आणि समोर थळचे लोक कानात बोटं घालून. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आरमार घेऊन आला, तोही हात हलवत परत गेला.

तटावर बसून मला एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली की तेव्हा या बेटाला वाचवलं ते अंधाराने. दौलतखान, मायनाक भंडारी, सगळ्यांचं शौर्य आहेच, पण त्या वल्हवणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांना अंधारातले खडक पाठ होते आणि समोरच्याला नव्हते, हा खरा दारूगोळा. तेव्हा कोणी या टेकाडावर दिवा लावला असता तर त्याचे हातच तोडले असते. आणि बरोबर १८८ वर्षांनी त्याच टेकाडावर दिवा लागला. तोही इंग्रजांनी लावलेला.

१८६७ साल. मधल्या काळात सगळंच बदललेलं. १८१८नंतर बेट कंपनीकडे गेलं होतं, अडवणारं कोणी उरलं नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, बंदरात जहाजांची रांग, आगबोटी आल्या, सुवेझ कालवा दोन वर्षांत उघडणार होता. आता हे बेट पुन्हा आडवं यायला लागलं, पण वेगळ्या अर्थाने. आता ते फक्त धडकण्यासारखा एक खडक होतं. म्हणून बत्ती. म्हणजे बघा, जागा तीच, कारण तेच, वाटेत असणं. आधी त्याचा उपयोग आत येऊ नका सांगायला, नंतर आत कसं यायचं ते सांगायला.

खरं तर बत्ती ही विचित्रच वस्तू आहे. घरातला दिवा पाहुण्याला ये म्हणतो, देवळातला पण. ही एकटी अशी की रात्रभर पेटून सांगते, मी इथे आहे, इकडे येऊ नकोस.

मनोरा खालून बघितला. पांढरा, दगडी, अष्टकोनी, खाली जुनी इमारत. वर जायला मिळालं नाही, आमच्याकडे परवानगी नव्हती आणि परवानगी काढायची असते हे आम्हाला धक्क्यावर उतरल्यावर कळलं, मामेभाऊ म्हणे मी विचारलं होतं, कोणाला विचारलं होतं ते तो अजून सांगत नाहीये. मी तिथल्या कर्मचाऱ्याला माझी चाळीस वर्षांची कहाणी ऐकवली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि पाणी दिलं प्यायला. बस.

पण वर काय असतं ते मला थोडंफार माहिती आहे, रत्नागिरीला भगवती किल्ल्याजवळच्या दीपगृहात संध्याकाळी थोडा वेळ लोकांना सोडतात तेव्हा चढले होते. माझी कल्पना अशी होती की वर प्रचंड मोठा दिवा असणार. तर नाही. दिवा अगदी साधा, सगळी करामत भोवतीच्या काचांची. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने हे शोधलं, १८२३ साली फ्रान्समध्ये कॉर्दुआंच्या दीपगृहात पहिल्यांदा बसवलं आणि चारच वर्षांत गेला बिचारा, एकोणचाळिसाव्या वर्षी. त्याची युक्ती अशी की एकच जाडजूड भिंग करण्यापेक्षा त्याच्या गोल गोल कडा कापून पायऱ्यांसारख्या एकावर एक रचायच्या, म्हणजे काच कमी लागते, आणि वर-खाली वाया जाणारा उजेड वळवून सगळा सपाट, समुद्राच्या रेषेत पाठवता येतो. कांद्याच्या पाकळ्या उलगडल्यासारखं दिसतं ते. आणि बत्ती उघडझाप करते असं जे आपल्याला लांबून वाटतं तेही खरं नाही बहुतेक ठिकाणी. दिवा सलग जळत असतो, भिंग फिरत असतं, झोत आपल्यावरून गेला की लागली वाटते, पुढे गेला की विझली. प्रत्येक बत्तीची फिरायची लय वेगळी ठेवतात, म्हणजे खलाशाला मोजून कळतं की ही अमक्या ठिकाणची. थोडक्यात मामेभाऊ आणि मी खळ्यात पडून जे करत होतो ते जगभरचे कप्तान गंभीरपणे करत होते. फक्त त्यांचं उत्तर चुकलं तर भांडणावर भागत नव्हतं.

वीज यायच्या आधी हे भिंग फिरायचं वजनावर. जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखं, मनोऱ्याच्या पोटात एक जड वजन साखळीला लटकवलेलं, ते हळूहळू खाली उतरतं आणि वर भिंग फिरतं. खाली पोचलं की पुन्हा चावी देऊन वर न्यायचं. रात्रभर, पाळी लावून. केरोसीनचे डबे खांद्यावरून वर न्यायचे, काजळी पुसायची, सकाळी काचा चमकवायच्या, आणि मग पडदे ओढायचे. हे पडद्यांचं मला फार आवडलं. दिवसा पडदे का, तर भिंग उलटंही चालतं. आतला उजेड जसा बाहेर एकवटून जातो तसा बाहेरचा सूर्य आत एकवटतो आणि दिव्याचीच नासाडी करू शकतो, आग लागू शकते. म्हणजे रात्रभर दुसऱ्यांसाठी जागायचं आणि दिवसा त्या भिंगाला उन्हापासून झाकून ठेवायचं, एखाद्या तापट माणसाला सांभाळावं तसं.

उंचीचाही एक सोपा हिशोब असतो. तुम्ही पाण्यापासून किती मीटर वर आहात त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि साडेतीनने गुणायचं, तितके किलोमीटर क्षितिज लांब. पन्नास मीटरवर असाल तर सात गुणिले साडेतीन, पंचवीसेक किलोमीटर. म्हणून टेकाडावर मनोरा, पृथ्वी गोल आहे त्याला काय करणार.

एक गोष्ट मात्र या पाण्याबद्दल बोलताना टाळता येत नाही, ती म्हणजे रामदास बोट. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, मुंबईहून रेवसला निघालेली बोट रेवसच्या अलीकडे काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. आजीच्या माहेरचं कोणीतरी त्या बोटीत होतं, कोण ते तिने कधी नीट सांगितलं नाही, विषय निघाला की उठून जायची. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून कितीतरी लोकांना वाचवलं. मला लहानपणी वाटायचं की बत्ती होती ना मग बोट बुडाली कशी, आणि मी तसं एकदा विचारलंही होतं. मामा म्हणाला, सकाळची वेळ होती. एवढंच. सकाळी पावसात बत्ती काय करणार.

बेटावर वेताळाचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे आत मूर्ती अशी नाही, एक मोठी शिळा, पांढऱ्या रंगाने रंगवलेली. कोळ्यांचा हा फार मोठा देव, होळीला तर इथे होड्यांची जत्रा. नाखवा आमच्याबरोबर आत आला, नारळ वाढवला, काहीतरी पुटपुटला, आणि बाहेर येऊन एका दगडाकडे घेऊन गेला. लहान दगडाने त्याच्यावर वाजवलं तर धातूसारखा आवाज, ठण्ण. मी दोनदा, तीनदा वाजवून बघितलं, मामेभाऊ मोबाइलवर रेकॉर्ड करत होता, आणि आता तो व्हिडिओ बघितला तर त्यात दगडाच्या आवाजापेक्षा माझंच "अय्या" जास्त ऐकू येतंय.

येताना नाखव्याला विचारलं की आता तुमच्याकडे जीपीएस आलं, मोबाइलमध्ये सगळं दिसतं, मग बत्तीचं काय काम. तो बराच वेळ बोललाच नाही, मला वाटलं इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. मग म्हणाला, "जीपीएस बरा हाय. पन त्याला डोला नाय ना. बत्तीला डोला हाय, ती आपल्यालं बगते." मी पुढे काही विचारलं नाही. सरकारी कायद्यात दीपगृहाला आता नौकानयनाचं साहाय्य की असंच काहीतरी म्हणतात, १९२७चा दीपगृहांचा कायदा जाऊन २०२१ला नवीन आला त्यात. ते बरोबरच असेल, बत्तीच्या जोडीला रेडिओवर चालणारी यंत्रणा वगैरे बरंच काही आलंय. पण नौकानयन साहाय्य लागलं, आता आत या, असं कोणती आजी म्हणेल. बेटाचंही सरकारी नाव १९९८पासून कान्होजी आंग्रे बेट आहे, ते नाव मला आवडतं, पण थळच्या बाजारात कोणाला ते विचारलं तर दोन मिनिटं विचार करतात आणि मग म्हणतात, म्हणजे खांदेरी का.

त्या रात्री मामाकडेच राहिले. जेवणं झाल्यावर सवयीने खळ्यात गेले, दोन माडांपैकी एक वादळात पडला, दुसरा आहे. बत्ती काही दिसेना. समोरच्या जागेत मुंबईच्या कोणाचातरी वीकेंडचा बंगला झालाय, त्याच्या गेटवर दोन आणि पोहण्याच्या तलावाशी चार असे पांढरेशुभ्र हॅलोजन, माणूस एकही नाही, नुसते दिवे. मामेभाऊ म्हणाला, पाच-सहा वर्षं झाली, घरातून दिसतच नाही आता, किनाऱ्यावर जावं लागतं. किती सहज म्हणाला तो. सकाळी नाखवा ती घरातून दिसते म्हणाला होता तेव्हा हा गप्प का बसला ते मला आत्ता कळलं.

आम्ही तिथेच गप्पा मारत बसलो, आजीचा विषय, तिच्या हाकेचा विषय. दहाच्या सुमारास लाइट गेली. गावात जाते तशी, एकदम, काही न सांगता. बंगल्याचे सगळे दिवे विझले, कुत्री भुंकायला लागली, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच कळेना. मग उरलेल्या माडाच्या डाव्या बाजूने झोत आला.

गेला.

"एक," मामेभाऊ म्हणाला. चघळत. "दोन." मी तोवर चारवर पोचले होते.

आतून मामीचा आवाज आला, "अरे, तो इन्व्हर्टर चालू करू का रे?"

"नको," आम्ही दोघं एकदमच ओरडलो, आणि आकडा विसरलो.